गोल्फच्या काठीला कुंकू

कलकत्त्याला कस्टममध्ये असलेल्या विनायकराव सबनिसांना गोल्फचं वेड. परत जाणाऱ्या गोऱ्या साहेबाने दिलेली, लाकडी डोक्याची लांब फटक्याची काठी त्यांचा जीव की प्राण.

खंडेनवमीला हत्यारं पुजायची, म्हणून बायकोने, वृंदाताईंनी, ती खसखसून धुतली, उन्हात वाळवली, कुंकू लावलं. लाकडाला पाणी सोसत नाही हे त्या माउलीला कोण सांगणार? रविवारी पहिल्याच फटक्याला लाकूड तडकलं.

"अक्कल गहाण टाकलीस का?" विनायकराव कडाडले. मग कितीतरी दिवस अबोला.

पुढच्या श्रावणात ते गेले. खंडेनवमी आली, तशी वृंदाताईंनी काठी बाहेर काढली. तड्यावर विनायकरावांनी कधीतरी दोरा घट्ट गुंडाळला होता. कुंकू मात्र तसंच ठेवलं होतं.

वृंदाताईंनी सवयीने करंडा पुढे ओढला. मग स्वतःच्या मोकळ्या कपाळाची आठवण झाली, आणि झाकण उघडायचं राहूनच गेलं.