अजीजाबीचा बादल

तेरखेड्याच्या शिवेवर, घरांपासून चांगलं लांब, वजीरशेटचा दारूखाना होता. दारू प्यायची नव्हे, फटाक्यांत भरायची. पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही बायका कागदाच्या नळ्या वळायचो, पलीकडच्या खोलीत गडी त्यात दारू ठासायचे, आणि फाटकाशी अजीजाबी बसायची. पोलीस ॲक्शन होऊन आठ-दहा वर्षं झाली होती. निजाम गेला, नाणी बदलली, कचेरीतली भाषा बदलली. फाटकावरची अजीजाबी तेवढी तिथंच.

तिचं काम एकच. आत येणाऱ्याजवळ बिडी नको, काडेपेटी नको, खिळ्याची वहाण नको. तिच्या डाव्या गालापासून मानेपर्यंतची कातडी ओढून ताणलेली होती. नवरा दारूगर, फटाक्यांची दारू बनवणारा. निजामाच्या शेवटच्या दिवसांत दुसऱ्या एका गावी दारू भडकली, त्यात तो गेला आणि ही वाचली. कामावर घेताना शेट म्हणाले होते म्हणे, की भाजलेल्या माणसाइतकी आगीची राखण दुसरं कुणी करणार नाही. शेट बोलायला गोड, मजुरी द्यायला कडू.

पण खरी राखण तिच्या कुत्र्याची होती. बादल त्याचं नाव, करड्या रंगाचा गावठी कुत्रा. पिल्लू असताना भुईनळ्याची ठिणगी शेपटीवर पडली, तेव्हापासून धुराचा त्याला भयंकर राग. पटक्यात खोचलेली विझकी बिडीसुद्धा त्याला फाटकाबाहेरून कळायची. मग तो आडवा उभा राहायचा आणि दात दाखवायचा. धोंडप्पा गाडीवान एकदा चिडून म्हणाला की या कुत्र्यापेक्षा फौजदार परवडला. तरी बिडी काढून दिलीच त्यानं.

या बादलला अजीजाबी जपायची ते बघून आम्ही हसायचो. गफार खाटकाकडून ती सकाळी ताजं हाड आणायची, कच्चंच. शिजवलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या कपच्या होतात आणि आतडं फाडतात, हे तिनं पहिल्या कुत्र्याच्या मरणातून शिकलेलं. हाड अख्खं पाहिजे, कोयत्यानं फोडलेलं नको. बादलच्या जबड्यात एकदम मावणार नाही एवढं मोठं, गाठीचं पाहिजे. ते ती सुतळीनं खुंटीला बांधायची, म्हणजे तो ओढून कुठं नेणार नाही. तो चघळत असेपर्यंत ती शेजारून उठायची नाही. हाड झिजून लहान झालं की त्याच्या तोंडात हात न घालता भाकरीचा तुकडा पुढं करायची, आणि तो तिकडं वळला की हाड उचलून खड्ड्यात पुरायची. मग राखेनं हात घासायची. सुनेचं बाळंतपणसुद्धा कुणी एवढ्या निगुतीनं करत नाही, असं मी तिला चिडवायची.

गावाला मात्र हे खुपायचं. कच्चं रक्त तोंडाला लागलं की कुत्रं पिसाळतं, असं चार रिकामटेकडे पारावर बसून ठरवायचे. बादलनं कधी कुणाला ओरखडासुद्धा काढला नव्हता. पण बिडी काढून घेतलेल्या माणसाचा राग कुठंतरी निघणारच. मला या लोकांची फार चीड यायची.

एका पावसाळ्यात गफारचं दुकान उशिरा उघडलं. हाड आणायला दुपार झाली. मी नळ्यांची पाटी घेऊन फाटकाजवळून चालले होते. अजीजाबीनं मला हाक मारली, हाड पुढं केलं आणि वास घेऊन बघ म्हणाली. मी नाक मुरडलं. मला कशाला, तूच बघ ना खाला, म्हटलं. ती इकडंतिकडं बघून हळूच बोलली.

"मला वास येत न्हाय, महानंदा. जळाले तवापास्नं न्हाय. खराब हाड त्याच्या पोटात जायला नगं."

मी पाटी खाली ठेवली. आम्ही सगळ्याजणी जिच्या भरवशावर दारूच्या शेजारी बसत होतो, तिला जळतं चिरगूट नाकाशी धरलं तरी कळणार नव्हतं. तिचं नाक म्हणजे बादल होता. हे शेटला कळलं तर तिची भाकरी गेली, म्हणून मी गप्प बसले. बादल आहे तोवर काय, अशी मी माझी समजूत घातली आणि ती मला पटलीही.

दिवाळीच्या आधी, कामाच्या ऐन घाईत, शेटच्या नातवाचा अकीका झाला, म्हणजे बाळाचं जावळ काढून बकरा कापायचा विधी. अकीक्याच्या बकऱ्याची हाडं मोडायची नाहीत, सांध्यातून सोडवून अख्खी शिजवायची आणि मागून पुरायची, अशी त्यांच्यात रीत. त्या दिवशी दारूखाना बंद होता आणि अजीजाबी बादलला फाटकाशी ठेवून शेटच्या घरी भाकऱ्या थापायला गेली होती. शेटच्या बायकोचं, जमिलाबीचं, बादलवर मन होतं. फोडलेलं हाड त्याला चालत नाही, अख्खं लागतं, एवढं तिनं अजीजाबीकडून ऐकलेलं. पुरण्यापेक्षा मुक्या जिवाच्या पोटात गेलेली बरी, असं म्हणत तिनं ती अख्खी नळीची हाडं ताटात घेतली आणि स्वतः दारूखान्यापर्यंत चालत गेली. कच्चं हवं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या गावात शिजवलेलं म्हणजे चांगलं, आणि कुत्र्याला कच्चं घालतात ते गरिबीनं, असंच सगळे समजायचे.

दुसऱ्या दिवशी बादल उठला तो कण्हतच. पाठ वाकवून बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. मग रक्त पडायला लागलं. अजीजाबीनं खुंटीजवळचा पाचोळा चाचपला आणि तिला शिजलेल्या हाडाच्या टोकदार कपच्या सापडल्या. बकरं आदल्या दिवशी फक्त शेटच्या घरी शिजलं होतं. त्या तळहातावर धरून ती बराच वेळ बसली. जनावरांचा डॉक्टर बार्शीला, आणि तिथवर न्यायला गाडी कोण देणार? बादल तिच्या मांडीवर गेला. ती रडली नाही याचीच मला भीती वाटली.

बादलला पुरून ती तशीच शेटकडं गेली आणि आपल्याला वास येत नाही हे तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मी तिला म्हटलं होतं की नोकरी जाईल. जाऊ दे, म्हणाली. पण नोकरी गेली नाही. शेटनी ऐकून घेतलं, पान लावलं आणि सांगितलं की दिवाळीपर्यंत बसून राहा, दुसरं माणूस आता कुठून आणू, आणि बायकांजवळ बोलू नकोस, उगाच घाबरतील. अजीजाबीनं परत येऊन मला एकटीला हे सांगितलं आणि ती फाटकाशी बसली. खोल्यांत त्या आठवड्यात छतापर्यंत माल रचलेला होता.

माझा संताप मावेना. मी सरळ जमिलाबीच्या स्वयंपाकघरात शिरले. हाडं कशी असायला हवीत, बादल कशानं मेला, अजीजाबीच्या नाकाचं काय झालं आणि तुमचे शेट काय बोलले, सगळं ओकून टाकलं. तिच्या हातात चाळण होती. ती तिनं खाली ठेवली. तिच्या चेहऱ्याकडं बघून मला वाटलं की मी थोडं कमी बोलायला हवं होतं, पण ते वाटणं फार टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कामावर गेलो तर फाटकाशी अजीजाबीच्या शेजारी जमिलाबी बसलेली. बुरख्यात, जमिनीवर. शेटच्या घरातली बाई अशी माळावर बसलेली तेरखेड्यानं कधी पाहिली नव्हती. तिनं आम्हा प्रत्येकीला थांबवून सांगितलं, की बादल माझ्या हातानं मेला, अजीजाबीला वास येत नाही, आत जायचं तर हे ऐकून जा. दोघीतिघी माघारी फिरल्या. बाकीच्यांच्या घरी दिवाळी होती आणि चुली होत्या. आम्ही आत गेलो.

तासाभरानं शेट धापा टाकत आले. लोक बघतायत, घरी चल, असं खालच्या आवाजात म्हणाले. जमिलाबी जागची हलली नाही.

"आत लेकराबाळांच्या बाया हायेत. हिला वास येत न्हाय, मला येतो. तुम्हाला शरम वाटत असंल तर दारूखान्याला कुलूप घाला जी."

शेटनी कुलूप घातलं नाही. आल्या पावली निघून गेले.

दुपारी वारा फिरला आणि रस्त्याकडून यायला लागला. त्या रस्त्यानं गाडीवान जायचे, चिलीम ओढत, बिड्या फेकत. शेडच्या दारातून मला फाटक दिसत होतं. जमिलाबीनं तोंडावरचा बुरखा मागं टाकला, भर रस्त्यावर, आणि तोंड वाऱ्याकडं केलं. अजीजाबी तिच्या चेहऱ्याकडं बघत होती, बादलकडं बघायची तशी, डोळ्याचं पातं न लवू देता. आत आम्ही नळ्या वळत होतो.