सुजाताबाई आणि उजवा हात

यंदा साठी पूर्ण करणाऱ्या डॉ. सुजाताबाईंची नि माझी पहिली भेट गडचिरोलीच्या रुग्णालयात, ओपीडीच्या दारात झाली. मी नवा वैद्यकीय अधिकारी. माझा नमस्कार अर्धाच झाला होता, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "रक्तदाब कोणत्या हाताचा घेता?"

"जो पुढे येईल त्याचा," मी म्हणालो. बाई हसल्या नाहीत.

आपल्याकडे पुढे येतो तो डावाच. उजवा कामाचा, धान रोवण्याचा. तो पट्ट्यानं आवळू द्यायला माणसं राजी नसतात. एटापल्लीकडची कविता अशीच डावा हात देत आली. दाब नेहमी कमीच भरायचा. डोकं ठणकतं, दम लागतो म्हटलं की अशक्तपणा समजून तिला मीठ-साखरेचं पाणी सांगत. बाईंनी नाडी धरली; डावी जेमतेम लागत होती. त्यांनी उजवा हात मागितला.

"त्याले काऊन बांधून राह्यल्या?" कविता कुरकुरली. उजव्या हाताचा दाब मात्र भलताच चढलेला निघाला; मी पट्टा पुन्हा बांधून पाहिला, आकडा तोच.

नागपूरच्या तपासणीत कळलं, की मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सूज आहे. डाव्या हाताची नस अरुंद झाली होती, म्हणून तिथला आकडा फसवा; तशीच एका किडनीकडे जाणारीही, म्हणून खरा दाब चढलेला. ती किडनी वाचणार का, हा प्रश्न होता. तिचा भाऊ म्हणाला, फुगा टाकून नस आजच मोकळी करा. मलाही तेच वाटत होतं. बाई ठाम राहिल्या. सूज धगधगत असताना फुगवलेली नस पुन्हा आवळते. दाब औषधांनी धरू, आधी सूज शमू द्या, असं त्यांचं म्हणणं.

सूज शमवायला दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी कविताचा चेहरा सुजला, आणि साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, जवळ आलं. तिनं गोळ्या बंद केल्या. सुटीच्या दिवशी बाई एसटीनं तिच्या गावी गेल्या. आमच्यावर त्या भरपूर रागावतात, तिच्यावर अजिबात रागावल्या नाहीत. "तोंडाची सूज उतरंल, माय. किडनी गेली तं परत नाई येत," एवढंच म्हणाल्या. मग तिला विचारून, नवरदेवाकडच्यांना स्वतः भेटून त्यांनी साक्षगंध पुढे ढकलायला लावलं.

सूज शमल्यावर नागपुरात फुगा टाकला. नस उघडली, दाब उतरला, किडनी वाचली. लग्नही झालं. पण हा आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो, म्हणून बाईंनी बजावलं, "मी आहो तोवर दर महिन्याले येत जाजो."

कविता म्हणाली, "मंग तुमी बी खूप वर्षं राहा, बाई. चांगल्या राहा. मले दुसऱ्या कोणाकडं नाई जायचं."

आम्हा सहकाऱ्यांचंही बाईंकडे एवढंच मागणं आहे.