काजवाल्या काकूंचं ठणठणीत हृदय

मुलगी तावातावाने भांडली आणि काजवाल्या काकूंना हार्ट अटॅक आला, ही बातमी आमच्या जिन्यात दोन दिवस फिरली. तिसऱ्या मजल्यावर ती मीच पोचवली, थोडं तिखटमीठ लावून. साफ खोटी.

भांडण झालं होतं, एवढं खरं. शिंप्याच्या दुकानात शर्टांना काजं करून काकूंनी एकटीने लेकीला शिकवलं, आणि तिला नोकरी लागली ती परगावी, जहाजांचे नकाशे काढायची. "जा, पण मग मी मेले तरी येऊ नकोस," काकू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी चौथं काज अर्धं असताना डोक्यात घण बसावा तशी कळ आली आणि त्या टेबलावरच कोसळल्या.

मेंदूतली शीर फुटली होती. डॉक्टरांनी ती बुजवली आणि काकू शुद्धीवर आल्यावर समजावलं, "हा अटॅक नाही. डोक्यातल्या रक्तस्रावाच्या धक्क्याने हृदयाचा स्नायू लुळा पडलाय. महिन्याभरात सावरेल. शिरेला फुगा जुनाच होता, उगाच भांडणाला दोष देऊ नका."

मुलगी तेव्हा खाली औषधं आणायला गेली होती. जिन्यातली बातमी तिच्या कानावर गेलेलीच. वर येऊन तिने विचारलं, "आई, माझ्यामुळेच ना गं?"

काकूंनी डोळे मिटून घेतले.

पोरीने नोकरीला नकार कळवला. महिनाभर आईच्या उशाशी. काकू रोज ठरवायच्या, आज सांगते. मग लेक केस विंचरायला बसली की राहून जायचं.

तपासणीच्या दिवशी डॉक्टर यंत्राच्या पडद्यावर हृदय बघून खूश. "बघा, झालं ना पूर्ववत! पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, सावरेल, आणि भांडणाचा काही संबंध नाही."

"पहिल्याच दिवशी?" मुलीने आईकडे बघत विचारलं.

जहाजांच्या नोकरीची जागा तोवर भरली होती. आता ती इथेच एका कंत्राटदाराकडे गटारांचे नकाशे काढते. घरी आली की "गोळी घेतलीस?" एवढंच विचारते, उत्तराला थांबत नाही.

परवा काकू गॅलरीत सुईत दोरा ओवत होत्या. मला कुठलं गप्प बसवतंय! "काय काकू, तुमचं हृदय भलतंच नाटकी निघालं की! महिनाभर सगळ्यांना घाबरवलंन् आणि आता बघा, ठणठणीत."

त्यांनी सुई खाली ठेवली.

"त्याला नावं ठेवू नका. ते महिन्याभरात ताळ्यावर आलं. तोंड मी उघडलं नाही."