गुडघेसाहेब

गुडघेसाहेबांच्या लक्षात माणसाचा चेहरा कधी राहायचा नाही, गुडघा राहायचा. बाजारात कुणी नमस्कार केला की ते आधी त्याच्या पायांकडे बघत आणि मग विचारत, "उजवा ना? अडकत नाही ना आता?" माणसाचं नाव मागाहून मी हळूच सांगायची. लढाईच्या काळापासून पुढे कितीतरी वर्षं सांगलीच्या एका दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली नर्स होते. त्यांचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं. पण पलूस-तासगावकडच्या पैलवानांनी त्यांचं 'गुडघेसाहेब' करून टाकलं आणि तेच टिकलं.

पैलवान त्यांच्याकडे यायचे ते उगीच नाही. पाय मातीत रोवलेला असताना वरचं अंग गर्रकन फिरलं की गुडघ्यातली गादी फाटते. दोन हाडांच्या मधे चंद्रकोरीसारखी कूर्चा असते, ती ही गादी. तिची फाटकी कड सांध्यात सरकली की पाय सरळ होत नाही. दाराच्या फटीत फडकं अडकावं तसं होतं. गावात मग शेक, लेप, ओढाताण सगळं करून झाल्यावर ही मंडळी आमच्याकडे येत. साहेब माणसाला उताणं झोपवत, गुडघा होईल तेवढा दुमडत, टाच धरून पाऊल फिरवत आणि पाय अगदी सावकाश सरळ करत नेत. दुसऱ्या हाताची बोटं सांध्यावर आणि डोळे मिटलेले. बोटांखाली 'कट्' झालं की डोळे उघडायचे. "फाटलीय," एवढंच म्हणायचे. पलटणीत असताना फुटबॉल खेळणाऱ्या शिपायांचे गुडघे तपासून ही विद्या त्यांना साधली होती.

"काढायची तर सगळी काढायची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तेव्हा सगळेच सर्जन तसं करत. पण साहेबांना त्याचा षोक होता. अख्खी चंद्रकोर न तुटता बाहेर आली की ते चिमट्यात धरून ती खिडकीच्या उजेडात न्यायचे आणि आम्हाला दाखवायचे. एरवी करड्या असणाऱ्या त्या माणसाचं तोंड तेव्हा इतकं खुलायचं, की मला त्यांच्याबद्दल फार माया वाटायची. गंमत म्हणजे त्यांचा स्वतःचाही डावा गुडघा अडकायचा. शस्त्रक्रिया करता करता मधेच ते पाय झटकत, गुडघा सुटला की पुढे काम चालू. मी काही बोलायच्या आत म्हणायचे, "रजा मिळाली की मुंबईला जाऊन काढून घेणार आहे, सिस्टर." रजा काही मिळायची नाही.

अशात कडेगावकडचा एक पैलवान आला. तात्या म्हणत त्याला. जत्रेतली मोठी कुस्ती ठरलेली आणि गुडघा दुमडलेला तो दुमडलेलाच.

"सायेब, कायबी करा, पर मला मातीत उभा करा," तो म्हणाला. "कुस्ती गेली तर मी गावात तोंड कसं दावू?"

"उभा करतो. गादी काढली की पाय मोकळा."

तात्या जरा घुटमळला. "पर सायेब, देवानं ती कशापायी ठिवली आसंल?"

साहेब हसले. "देवानं शेपटीचं हाडही ठेवलंय, पैलवान. काही अडतं का त्याच्यावाचून?"

गादी अख्खी निघाली. शुद्धीवर आल्यावर तात्यानं ती मागून घेतली. अंगातून निघालेलं तालमीच्या हौद्यातच गेलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. फडक्यात बांधून घेऊन गेला आणि कुस्तीच्या त्या हौद्यातल्या लाल मातीत पुरली. जत्रेतली कुस्ती त्यानं मारली. पेढे घेऊन आला तेव्हा दवाखान्याच्या आवारात साहेबांना चक्क खांद्यावर घेऊन नाचला. "उतरव रे," म्हणत साहेब लाजले होते.

देश स्वतंत्र झाला, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी तात्या पुन्हा आला. काठी टेकत. पाय धनुकलीसारखा बाहेर वाकलेला. साहेबांनी गुडघा दुमडून पाहिला. आता 'कट्' होत नव्हतं. हाडावर हाड घासत होतं, तेही मला उभ्या जागी ऐकू येईल असं.

"बैठक मारता येत न्हाई. पोरांस्नी शिकवू कसा?" तात्या म्हणाला. "पंगतीत मांडी घालून बसता येत न्हाई, म्हाताऱ्यावानी खुर्ची मागाय लागती." मग त्यानं आवाज खाली आणला. "हौदा उकरून बगितला, सायेब. म्हनलं, ती गावली तर तुमी परत बसवशीला. पर गावली न्हाई."

साहेबांनी त्याचा गुडघा दोन्ही हातांत धरून ठेवला होता. बराच वेळ सोडला नाही. "ती मिळाली असती तरी मला बसवता आली नसती रे," ते म्हणाले. तात्याच्या मनात राग नव्हता. "तुमच्यामुळं लय कुस्त्या झाल्या माज्या," म्हणत तो उलट साहेबांचीच समजूत घालत राहिला, आणि तेच मला बघवेना.

त्यानंतर पाय अगदीच अडकून बसला असेल तरच साहेब सुरी हातात घेत. बाकीच्यांना "राहू दे, सांभाळून वापर" म्हणून परत पाठवत. निघालेली चंद्रकोर पुन्हा कधी त्यांनी उजेडात नेली नाही. बाजारात लोकांच्या पायांकडे बघणंही त्यांनी सोडलं.

निवृत्तीनंतर ते साताऱ्याला राहिले. खूप वर्षांनी मी भेटायला गेले, तर हा पिकल्या केसांचा माणूस सतरंजीवर मांडी घालून शेंगा सोलत बसला होता. मला बघून कशाचाही आधार न घेता उठला. मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, तुमचा तो डावा गुडघा?"

"अधूनमधून अडकतो. झटकला की सुटतो." ते पुन्हा खाली बसले, मांडी घातली आणि कितीतरी वेळ स्वतःच्या गुडघ्यावरून हात फिरवत राहिले.

"मला रजा मिळाली नाही ना, सिस्टर," ते म्हणाले.