बावखल उपसायचा दिवस

मी कुवेतला निघाले तो दिवसच चुकीचा होता. म्हणजे तिकीट काही आम्ही निवडलं नव्हतं. एजंटने ते हातात ठेवलं आणि सांगितलं, शनिवारी निघायचं. आणि नेमकं त्याच शनिवारी आमच्या आळीचं बावखल उपसायचं ठरलेलं! विरारहून टॅक्सी आली तेव्हा सगळी आळी कमरेपर्यंत चिखलात. मी इस्त्रीची साडी नेसून बांधावर उभी, आणि खालून चिखलाने माखलेलं एकेक माणूस वर यायला लागलं. बाबा, माझा धाकटा भाऊ रेमी, शेजारचे सांतानकाका. "लांबूनच, लांबूनच!" आई ओरडली. "साडीला हात लावाल तर बघा!" मग बाबांनी दोन्ही हात मागे घेतले आणि नुसतं कपाळ पुढे केलं. मी त्यांचा मुका घेतला आणि टॅक्सीत बसले. ओठाला लागलेला चिखल मी विमानतळापर्यंत पुसला नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमच्या नंदाखाल गावच्या, नर्सिंग शिकलेल्या आम्ही मुली तेव्हा एकेक करून आखातात निघालो होतो. जे गावात राहिले त्यांना बावखल म्हणजे काय ते मी काय सांगणार! पण माझ्यासारखे जे उडाले, आणि ज्यांची पोरं स्विमिंग पूलमध्ये पोहायला शिकली, त्यांच्यासाठी सांगते. बावखल म्हणजे वाडीच्या कडेला खणलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं आणि केळी-नारळींना पुरायचं. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की उरलेलं पाणी इंजिन लावून काढायचं, गाळ उपसायचा आणि केळीच्या बुंध्याशी टाकायचा. आणि त्या गाळात मासे! मरळ, शिंगट्या, खेकडे. हाताने पकडायचे. अहो, ती मजा काय विचारता!

तसा आमचा अख्खा मे महिनाच धमाल. एका आठवड्यात दोन-दोन लग्नं, बँडवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही. मुंबईहून मामा-मावशीची पोरं यायची आणि घरात झोपायला जागा उरायची नाही. अंगणात मांडवावर केळी सुकत घातलेली, त्यांची सुकेळी होईपर्यंत कावळ्यांपेक्षा आम्हीच जास्त खायचो. संध्याकाळी क्रुसाजवळ रोझरीची प्रार्थना. तिथे गुडघ्यावर बसून आम्ही मुली एकमेकींना चिमटे काढायचो आणि आईचा डोळा असायचाच आमच्यावर. भातकापणी झालेल्या शेतात क्रिकेटच्या मॅचेस. पण या सगळ्याहून मोठा दिवस तो उपसणीचा. त्याची आम्ही नाताळासारखी वाट बघायचो.

त्या दिवसाचा एक कायदा होता आणि तो सांभाळायचे सांतानकाका. जो चिखलात उतरला त्याला वाटा. म्हातारा असो, पोर असो, बाई असो, वाटा सारखाच. आणि उतरला नाही त्याला शेपूटसुद्धा नाही. पाहुणा आला असला तर त्याला एक मोठा मासा वेगळा काढून द्यायचे, तो मान. पण वाटा नाही. उतरलेली माणसं काका मोजायचे आणि केळीच्या पानांवर तेवढेच वाटे घालायचे. तक्रार नको म्हणून एकाला पाठ करून बसवायचं. काका एका वाट्यावर बोट ठेवून विचारणार, "हा कुणाचा?" आणि पाठमोऱ्याने नाव घ्यायचं. हे काम नेहमी माझ्या आईचं. ती सगळ्यांसाठी भाकऱ्या भाजायची, चिखलात नसायची, आणि तिच्या खरेपणाबद्दल कुणाला शंका नव्हती. मी पाच वर्षांची असल्यापासून दरवर्षी तिच्या तोंडून माझं नाव ऐकलंय. "मार्था!" म्हटलं की मी झडप घालायची. निघाले त्या वर्षी मात्र बाबांनी उतरू दिलं नाही. "विमानात चिखलाचा वास येईल," म्हणाले. वाटे पडायच्या आधीच टॅक्सी गावाबाहेर गेली होती.

कुवेतमध्ये काय नव्हतं! एसी क्वार्टर्स, शुक्रवारी ऑफ, सुपरमार्केटमध्ये बर्फावर मांडलेले हातभर मासे. केरळच्या मैत्रिणी मिळाल्या, मोडकीतोडकी अरबी आली, हिंदी तर झकास झाली. मला तिथे आवडायचं, खोटं कशाला बोलू? निघाले त्याच वर्षीच्या जूनमध्ये रेमीचं एअरमेल आलं. त्याने लिहिलं होतं, "यंदा आईने गोंधळ केला. काकांनी विचारलं, हा कुणाचा, आणि ती म्हणाली, मार्था. काका म्हणाले, अगं, ती कुठे आहे इथे? वाटा दुसऱ्याला गेला. आई नंतर जेवली नाही." ड्युटीवर जायची वेळ झाली होती. मी युनिफॉर्म चढवला, बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले आणि मग वॉर्डात गेले. मला काकांचा असा राग आला होता की समोर असते तर इंजेक्शनच टोचलं असतं! एक वाटा दिला असता तर काय बिघडलं असतं?

चार वर्षांनी मला मे महिन्यात लीव्ह मिळाली. मी रेमीला आधीच कळवलं, उपसणी माझ्यासाठी थांबवा. थांबवली! आणि गेले तर बघते काय, आंब्याखाली खुर्ची. तिच्यावर उशी. रेमीची नवी बायको रोझा सरबताचा ग्लास घेऊन हजर. "ताई, तुम्ही बसा, ऊन लागेल." खाली सगळी आळी हसतेय, ओरडतेय, एकमेकांवर चिखल उडवतेय, आणि मी उशीवर! तेवढ्यात काकांनी एक मोठा मरळ पकडला, वर उचलून दाखवला आणि म्हणाले, "हा कुवेतच्या पाहुणीला!"

पाहुणी? माझं डोकंच फिरलं. मी चपला भिरकावल्या, साडी खोचली आणि "ताई, अहो ताई!" असं रोझा ओरडत असताना थेट खाली उडी मारली. पाय सटकला आणि बसले फतकल मारून चिखलात! बाबा पोट धरून हसले. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी तो मरळ मुकाट्याने टोपलीत टाकला आणि गाळाने भरलेलं घमेलं माझ्या हातात दिलं. मी ते जपून छातीशी धरलं तसे खेकसले, "ते घमेलं आहे, तान्हं पोर नाही! पुढे दे!" दोन तास मी घमेली वाहिली. हाताला फोड आले, केसांत शेवाळ गेलं, आणि एक शिंगटी माझ्या बोटाला काटा मारून निसटली. इतका आनंद मला चार वर्षांत झाला नव्हता.

आई तोवर घरात चुलीपुढे होती. मी चिखलात उतरलेय हे तिला ठाऊकच नव्हतं. काकांनी हाक मारली तशी ती पदराला हात पुसत आली आणि सवयीने पाठ करून बसली. मी बाबांच्या मागे उभी. काकांनी वाटे मोजले, पुन्हा मोजले आणि सुरुवात केली. हा कुणाचा? रेमी. हा कुणाचा? इनास. एकेक पान उचललं गेलं आणि शेवटी एक उरलं.

"हा कुणाचा?"

आईने बोटांवर नावं मोजली.

"अगं, हा कुणाचा?"

"झाली सगळी नावं," आई म्हणाली. "मोजताना चुकलात तुम्ही."

"मी चुकत नाही. नीट आठव."

आईची मान खाली गेली. मला तिची पाठ दिसत होती आणि कडेने तिचे हात दिसत होते, पदराचं टोक पिळणारे. त्या एका वर्षानंतर तिने ते नाव घ्यायचंच सोडलं होतं, हे मला तेव्हा कळलं. पुन्हा चूक नको म्हणून दर मे महिन्यात ती ते गिळत होती. आत्ताही ते तिच्या ओठांवर असणार, आणि ती तोंड घट्ट मिटून बसली होती. काकांनी तिला सांगितलं नाही. ते माझ्याकडे बघत होते.

"माझा!" मी ओरडले. "आई, तो माझा!"

आई गर्रकन वळली. मला नखशिखांत चिखलात बघून तिने आधी कपाळावर हात मारला आणि मग तिथेच बसल्या बसल्या हसत-रडत हात पुढे केले. मी धावत गेले. या वेळी लांबूनच म्हणायला कुणी नव्हतं.

त्या वाट्यात दोन शिंगट्या, एक खेकडा आणि बोटाएवढा मरळ होता. बाकी सगळा चिखल. मी नंतर आणखी कितीतरी वर्षं कुवेतमध्ये काढली, लग्न केलं, पोरं झाली, आता तर तिसऱ्याच देशात राहते. माझं घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी पटकन नंदाखाल म्हणते, आणि म्हणताना मला काकांचा तो आवाज ऐकू येतो. आई मला सोडतच नव्हती, तेव्हा ते मागून ओरडले होते, "अगं, मग उचल की तुझा वाटा! पाहुणीसारखी काय बसलीस?"