कोचरेकरवकिलांचं वकीलपत्र

कोचरेकरवकील लग्नाच्या पंगतीतसुद्धा उलटतपासणी घेत. "जिलबी गरम आहे म्हणता," ते आग्रह करणाऱ्या यजमानांना विचारत, "स्वतः खाल्लीत, की आचाऱ्याने सांगितलं?"

कल्याणच्या कोर्टात मी त्यांची ज्युनियर होते. मोहन्याच्या कारखान्यातल्या कामगारांचे खटले लढता लढता ते नगरसेवक झाले, पण सवय गेली नाही. एकदा एक बाई तक्रार घेऊन आल्या. "साहेब, आमच्याकडे पाणीच येत नाही."

"नळ कोणी उघडून पाहिला?"

"मिस्टरांनी."

"मग त्यांना आणा. तुमचं ऐकीव झालं."

"ते टँकरमागे धावतायत. तुम्हीच चला."

साहेब गेले, कोरड्या नळाखाली बादली धरून बसले आणि पाणी सुटेपर्यंत उठले नाहीत. अधिकाऱ्यांनाही तिथेच बोलावून घेतलं.

खासदारकीच्या प्रचारात तर कहर झाला. कोपरच्या सभेत त्यांनी आधी विरोधकाची बाजू मांडली, तीही इतकी प्रामाणिकपणे की लोकांनी टाळ्या वाजवल्या. कार्यकर्त्याने सदरा ओढला. "साहेब, आपलं बोला ना."

"येतोय रे. पक्षकार बदलायला वेळ लागतो."

तरीही निवडून आले. दिल्लीत भाषणाच्या भरात लोकसभेच्या अध्यक्षांना "मायलॉर्ड" म्हणून बसले, हे त्यांनीच आम्हाला हसत सांगितलं.

मग कोपरची एक चाळ पाडायला निघाली. बिल्डर त्यांच्याच पक्षातला. चाळकरी साहेबांकडे आले, साहेबांनी केस घेतली. ठाण्याहून पक्षाच्या पुढाऱ्याचा फोन आला तेव्हा मी समोरच होते. "यात पडू नका. पुढचं तिकीट हवंय ना?"

"हवंय की," साहेब म्हणाले. "पण वकीलपत्र घेतलंय हो. आता कसं सोडू?"

फोन ठेवून त्यांनी चाळीची फाइल पुढे ओढली. खरं तर दिल्ली त्यांना मनापासून आवडायची.

खासदारसाहेब काळा कोट चढवून कोर्टात उभे राहिले आणि बिल्डरला असा सोलला, की तो घाम पुसत स्वतःच्याच वकिलाकडे बघत राहिला. चाळ वाचली. तिकीट गेलं.

यादी जाहीर झाली त्या सकाळी मी धीर द्यायला घरी गेले. काकू डोळे पुसत होत्या. साहेब कोटाला इस्त्री करत होते.

"साहेब, वाईट वाटत असेल."

"वाटतंय ना. खूप वाटतंय. खोटं कशाला बोलू?"

आम्ही खाली आलो. नाक्यावरच्या ओळखीच्या रिक्षावाल्याने जरा अवघडूनच विचारलं, "साहेब, आता तुम्हाला माजी खासदार म्हणायचं का?"

साहेब आत सरकून बसले. "आजी वकील म्हण. आणि कोर्टात घे, उशीर झालाय."