पुढे चालणाऱ्या बाया

मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांत कॉम्प्युटरवर रंग भरणं हे माझं काम. चित्र दुसऱ्याचं, रेघाही दुसऱ्याच्या. त्या वरच्या लेयरवर कुलूपबंद असतात आणि मी खालच्या लेयरवर रंगाची बादली ओतत बसते. रेघ कुठे केसभर जरी उघडी राहिली, तरी साडीचा रंग आभाळभर पसरतो. मग चित्र मोठं करून करून ती फट शोधायची, बुजवायची, पुन्हा ओतायचं. पवनीजवळच्या आमच्या गावात लोकांना वाटतं, मी घरबसल्या मजेत चित्रं काढते. इथे मनगट कामातून गेलंय आणि डोळ्यांत सतत वाळू गेल्यासारखं होतं.

एकदा शहरातल्या एका प्रकाशनाचं पुस्तक आलं. हे नीट झालं तर पुढची सगळी तुम्हालाच, असं तिथल्या बाईंनी फोनवर सांगितलेलं. त्यात एका पानावर धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी होती, चिखलात वाकलेल्या पाच बाया. मी पदरांना रंग देत होते, तेवढ्यात आई चहा घेऊन आली. तिचा अख्खा जन्म लोकांच्या बांध्यांत, भाताच्या खाचरांत, रोवणा करण्यात गेलेला. कप हातात तसाच धरून ती स्क्रीनकडे बघत राहिली.

"काहून वो, ह्या बाया समोर समोर कायले जाऊन राहिल्या? लावलेल्यावरच पाय पडतीन ना."

मी पाहिलं. लावलेली रोपं बायांच्या पाठीमागे, समोर नुसता चिखल; म्हणजे लावलेलं तुडवतच त्या पुढे आलेल्या. रोवणा करताना बाई वाकून मागे मागे सरकते, लावलेलं धान तिच्या डोळ्यांसमोर राहतं. हे मला कळायला लागल्यापासून माहीत, आणि दोन दिवस त्याच पानावर बसून मला दिसलं नव्हतं. मला नुसत्या फटी दिसत होत्या.

"मले फक्त रंग भराचे आहेत, माय," मी वैतागून म्हटलं.

ती गेल्यावर प्रकाशनातल्या बाईंना निरोप लिहायला घेतला. मग वाटलं, रंग भरणारीने चित्रकाराच्या चुका काढल्या तर पुढचं काम कोण देणार? पण खरं सांगू? भीतीपेक्षा थकवा जास्त होता. नवं चित्र आलं असतं, सगळं पान पहिल्यापासून करावं लागलं असतं. मी निरोप पुसला आणि उरलेला चिखल रंगवून टाकला.

पुस्तक छापून आलं. आईने ते एकटीने एकदा चाळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने रोवण्याच्या टोळीतल्या बायांना ओसरीवर बोलावलं आणि हात पदराला पुसून पुस्तक मांडीवर घेतलं. "रंग माह्या पोरीनं भरले," ती प्रत्येक पानाला सांगत होती. नदी झाली, बैल झाले, शाळा झाली. मग तिने दोन पानं चिमटीत धरून एकदम उलटली.

"अवो, एक पान राहिलं ना," एक बाई म्हणाली.

मी दारात उभी होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्याच्यात काही नाही," आई म्हणाली, माझ्याकडे न बघता.